बदलीची तीन मिनिटं

माझ्या आवाजात कुणीतरी माझीच बस बंद करा म्हणून सांगत होतं आणि मी तिसऱ्या रांगेत बसून ते ऐकत होते.

आवाज अगदी माझाच होता. इंग्रजी बोलताना मधेच घसा खाकरायची माझी खोडसुद्धा त्यात होती. सिटी कौन्सिलच्या हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर माझ्या लायसन्सवरचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं : प्रणिता खराडे, वॉर्ड तीन.

"मी अकरा वर्षं नऊ नंबरची बस चालवते," पडद्यावरची बाई म्हणाली. "प्रवाशांशी माझं नातं आहे. पण काळ बदलतो. शहराने तज्ज्ञांचा सल्ला घेतलाय आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे. नऊ नंबर बंद करून स्वयंचलित गाड्या आणायच्या प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे."

माझ्या शेजारी मिस हेन्स बसल्या होत्या. लोरेटा हेन्स, वय एकाहत्तर. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्या नऊ नंबरने नदीपलीकडच्या डायलिसिस सेंटरला जातात. येताना त्यांच्या पायांत त्राण नसतं. मी बस थांबवून खाली उतरते, त्यांना दंडाला धरून फुटपाथवर आणते आणि मगच दार लावते. नव्या गाड्यांत माणूसच नसणार, तेव्हा धरणार कोण, एवढंच मला त्या दिवशी सांगायचं होतं. मी ते कागदावर लिहून आणलं होतं आणि कागद हातात तसाच होता.

मी उभी राहिले. "ती मी नाही," म्हटलं.

अध्यक्ष डॉइल यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माणूस रीतीचा आहे, कधी आवाज चढवत नाही. "मिसेस खराडे, तुमचं म्हणणं आत्ताच नोंदवलं गेलं. दोन मिनिटं बेचाळीस सेकंद. एका विषयावर एका रहिवाशाला तीन मिनिटं, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे. कृपया बसा."

आणि मी बसले.

त्या बसण्याचा राग मला आजही येतो. बाकीचे राग त्याच्यानंतरचे.

ही भानगड काय आहे ते आधी सांगते. कार्व्हर फॉल्स हे अमेरिकेतलं, पंचेचाळीस हजार वस्तीचं आमचं शहर. सात जणांचं कौन्सिल. शहराचा कुठलाही नवा कायदा करायचा तर तो दोनदा वाचावा लागतो, त्या वेळी लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं आणि दुसऱ्या वाचनाला मतदान होतं. पण ऐकायला लोक यायला तर हवेत. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला अकरा माणसं यायची, त्यातली आठ ठरलेली. एक जण दर वेळी त्याच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दलच बोलायचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी, २०३७ साली, कौन्सिलने 'स्टँड-इन' नावाची व्यवस्था आणली. घोषणा मोठी छान होती : प्रत्येक सभेत प्रत्येक नागरिक.

स्टँड-इन म्हणजे तुमच्या जागी बोलणारा प्रोग्राम. मतदार यादीतल्या माणसाने एकशे चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा आणि एक उतारा मोठ्याने वाचून आवाज द्यायचा. मग तो प्रोग्राम तुमची शहराकडे असलेली सगळी नोंद वाचतो, म्हणजे तक्रारी, ई-मेल, कौन्सिलला लिहिलेली पत्रं. त्यातून तो तुम्हाला एका नकाशावर एक ठिपका करून ठेवतो. हा नकाशा लांबी-रुंदीचा नसतो, शेकडो दिशांचा असतो. एकेक दिशा म्हणजे एकेक कल : नियम आवडतात की नाही, शेजाऱ्यावर विश्वास किती, बदलाची भीती किती. ज्या विषयावर तुम्ही कधीच काही बोललेला नाहीत, त्यावर तुमच्या ठिपक्याच्या आसपासचे ठिपके काय म्हणतात ते पाहून तो तुमचं मत ठरवतो आणि तुमच्या आवाजात, तुमच्या नोकरी-संसाराचे संदर्भ घालून बोलतो. साडेनऊ हजार लोकांनी स्टँड-इन घेतला होता. एवढ्या सगळ्यांचं ऐकत बसणं शक्य नाही, म्हणून एकूण कल आकड्यात दाखवतात आणि त्यातले सहा जण नमुन्याला पडद्यावर ऐकवतात. नुसतं आकड्यात मोजलं गेलं, तरी त्या माणसाची बोलायची पाळी झाली असं धरतात. माझी बस, म्हणून त्या दिवशी, पहिल्या वाचनाला, मी नमुन्यात.

हा प्रोग्राम शंभरात एक्याण्णव वेळा बरोबर असतो, असं पत्रकात छापलं होतं. बरोबर म्हणजे कशाशी ताडून, ते मी नंतर शोधून काढलं. फॉर्ममधले काही प्रश्न झाकून ठेवायचे, बाकीच्या उत्तरांवरून प्रोग्रामला ती ओळखायला लावायची आणि जुळली की शाबास म्हणायचं. म्हणजे फॉर्म त्याच माणसाने भरलाय का, हे कुणी तपासलंच नव्हतं.

माझे वडील मिरज डेपोला एस.टी.त कंडक्टर होते. कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी येणाऱ्याला तिथे बदली म्हणायचे. बदली माणसाला रस्ता माहीत नसला तर तो निदान प्रवाशांना विचारायचा. माझ्या या बदलीने कुणालाच काही विचारलं नाही.

घरी आले तेव्हा सतीश जेवणाची पानं घेत होते. हे माझे यजमान. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात ऑडिटर आहेत. कामगारांनी तपासणी न करताच फॉर्मवर खूण केली असेल तर ती पकडणं, हेच यांचं काम.

"माझा फॉर्म कुणी भरला?" मी विचारलं.

"कुठला फॉर्म?"

"स्टँड-इनचा."

"मीच भरला. मग कोण भरणार?" भाताचं भांडं खाली ठेवत ते म्हणाले. "आजवर सगळे मीच भरत आलोय की. तुझा व्हिसा, तुझं ग्रीन कार्ड, तुझं लायसन्स. काय झालं?"

आणि मला ते आठवलं. मागच्या वर्षी मी कढईत भजी सोडत होते आणि यांनी फोन समोर धरला. एवढं वाच जरा मोठ्याने, म्हणाले. मी वाचलं. मधे दोनदा घसा खाकरला. मला वाटलं बँकेचं काहीतरी असेल. मी विचारलंसुद्धा नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी एकही सरकारी कागद वाचला नव्हता, दाखवतील तिथे सही करत आले. आमच्याकडे हे असंच चालतं आणि त्याला कुणी वाईट म्हणत नाही. उलट नवरा सगळं बघतो म्हणून बायका कौतुकाने सांगतात. मीही सांगायची.

मी लॅपटॉप उघडून यांना उत्तरं दाखवायला लावली. प्रश्न एकोणीस : सरकारी निर्णय पटला नाही तर तुम्ही काय कराल? उत्तर : निर्णय मान्य करीन. प्रश्न चाळीस : तज्ज्ञ आणि शेजारी यांचं मत वेगळं असेल तर? तज्ज्ञ. प्रश्न अठ्ठ्याऐंशी : तुम्ही आंदोलनात भाग घ्याल का? कधीच नाही. एकशे चाळीस उत्तरं आणि सगळी अशी, हात बांधून उभी असलेली.

"ही मी आहे?" मी विचारलं.

"अगं, सरकारी फॉर्म आहे तो. त्यात कुणी खरं लिहितं का? आपण बाहेरून आलेली माणसं. उगीच कशाला डोळ्यावर यायचं? तुझ्या भल्यासाठीच केलं की मी."

"मिस हेन्स माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी त्यांची बस बंद करा म्हणाले."

"तू नाही म्हणालीस. प्रोग्राम म्हणाला."

"माझ्या आवाजात म्हणाला. मी बोलायला उठले तर मला खाली बसवलं. माझी बोलायची पाळी तुम्ही वापरून टाकली, कळतंय का?"

आमटी गार झाली. मी जेवले नाही, यांनीही पान सारून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी सिटी क्लार्कच्या, म्हणजे कौन्सिलच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसात गेले. तिथे ओल्सन नावाच्या एक बाई आहेत, सगळे नियम तोंडपाठ. स्टँड-इन रद्द करायला नव्वद दिवस लागतात, त्या म्हणाल्या. दुसरं वाचन तेरा दिवसांवर आलं होतं.

"दुसरा काही मार्ग?"

"एक आहे. फॉर्म तुम्ही स्वतः भरलेला नाही असं शपथेवर नोंदवलं गेलं आणि ज्याने भरला त्यानेही ते मान्य केलं, तर स्टँड-इन तिथल्या तिथे रद्द होतो. तुमची तीन मिनिटं तुम्हाला परत मिळतात." मग त्यांनी जरा थांबून विचारलं, "कुणी भरला होता?"

मी आभार मानले आणि बाहेर पडले. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो : ही उत्तरं मी स्वतः दिली आहेत, ती खोटी असल्यास तो गुन्हा आहे. त्या चौकोनात यांनी खूण केली होती, माझ्या नावाने. आणि यांची नागरिकत्वाची मुलाखत तेवीस मेला होती, दुसऱ्या वाचनाच्या बरोबर एक आठवडा नंतर.

मी सहा वर्षांपूर्वीच अमेरिकन नागरिक झाले होते. यांचं राहिलं होतं, कारण गावाकडे भावाच्या शेजारची शेतजमीन घ्यायची होती आणि परदेशी नागरिकाला ती घेता येत नाही. जमीन काही मिळाली नाही. शेवटी गेल्या वर्षी यांनी अर्ज केला. या अर्जात माणसाचं चारित्र्य बघतात. आधी कुठल्या सरकारी कागदावर खोटं लिहिलंय का, हा तर त्यांचा आवडता प्रश्न.

"तेवीस तारीख होऊ दे," संध्याकाळी हे म्हणाले. "मग मी स्वतः जाऊन लिहून देतो."

"सोळाला बस बंद होते."

"एका बसपायी मला देशाबाहेर घालवशील?"

त्यांच्या भीतीत खोटं काही नव्हतं. वीस वर्षं ज्या माणसाने दर पत्र उघडताना श्वास रोखून धरलाय, त्याची भीती मला कळते. पण त्या भीतीची उत्तरं माझ्या नावावर का लिहिली? स्वतःच्या नावावर लिहायची. मी तसं बोलून दाखवलं. शिवाय हेही सांगितलं, की सोळा तारखेला माझ्या वतीने एक शब्दही बोलायचा नाही.

पुढचा शुक्रवार. मिस हेन्स बसमध्ये चढल्या आणि नेहमीसारख्या माझ्या मागच्या सीटवर न बसता चौथ्या रांगेत बसल्या. शेवटच्या स्टॉपला बस बारा मिनिटं उभी असते. ती बारा मिनिटं आमची दोघींची. तीस वर्षं त्या इथल्या हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवायच्या. नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न त्यांनी याच बारा मिनिटांत माझ्याकडून घोटून घेतले होते. सिनेटर किती, राष्ट्राध्यक्षाने कायदा नाकारला तर काँग्रेस काय करू शकते, न्यायाधीश नेमतं कोण, सगळं इंजिन बंद करून.

मी मागे गेले. "मिस हेन्स, ती माझी उत्तरं नव्हती. माझ्या नवऱ्याने भरली होती."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तू कुठल्याही तज्ज्ञावर विश्वास ठेवत नाहीस. माझ्या डॉक्टरवरसुद्धा नाही."

"मग माझ्यावर राग का धरलाय?"

"त्या मशीनचा मला राग नाही. तुझा आहे. डॉइलने तुला बस म्हटलं आणि तू बसलीस. माझ्या आईला, ती काळी म्हणून, या गावात मत द्यायला गेल्यावर एका कारकुनाने बस म्हटलं होतं. चार तास ती उभी राहिली. तुला मी एवढं शिकवलं, ते कशासाठी? कागदावर पास होण्यासाठी?"

मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले.

"पहिली घटनादुरुस्ती," त्या एकदम म्हणाल्या. "पाच स्वातंत्र्यं. सांग."

"धर्म. भाषण. छापणं. एकत्र जमणं." पाचवं मला आठवेना.

"पाचवं सगळेच विसरतात. गाऱ्हाणं मांडणं. सरकारकडे अर्ज घेऊन जाणं आणि त्याला ऐकायला लावणं. अर्ज, प्रणिता. विनंती नव्हे." त्यांनी काठी टेकली आणि उठून पुढे, माझ्या मागच्या सीटवर येऊन बसल्या. "तुझी अठरा सेकंदं बाकी आहेत. दोन बेचाळीस झाली होती ना? हिशेब मी केलाय."

सोळा मेला हॉल भरला होता. बहुतेक सगळे नऊ नंबरचे प्रवासी. डॉइलनी आकडा वाचून दाखवला : साडेनऊ हजार स्टँड-इनपैकी एकसष्ट टक्के प्रस्तावाच्या बाजूने. समोर जिवंत बसलेल्या दोनशे माणसांकडे कुणी पाहिलंही नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांचे स्टँड-इन आधीच बोलून झाले होते. एक म्हातारा वेल्डर, माझा रोजचा प्रवासी, उभा राहिला आणि त्याला सांगण्यात आलं की तो प्रस्तावाच्या बाजूने आहे. तो म्हणाला, हे मला पहिल्यांदाच कळतंय. लोक हसले. मला हसू आलं नाही.

माझं नाव पुकारलं नव्हतं. तरी मी माइकपाशी गेले. "माझी अठरा सेकंदं शिल्लक आहेत," म्हटलं.

डॉइलनी ओल्सनबाईंकडे पाहिलं. त्यांनी वही चाळली आणि मान हलवली. नियम म्हणजे नियम. समोरच्या घड्याळावर अठरा आकडा आला. मला शपथ दिली.

"पडद्यावर जी बोलली ती मी नाही," मी म्हणाले. "तो फॉर्म मी भरलेला नाही. मी तो वाचलेलाही नाही. माझी तीन मिनिटं मला परत द्या."

घड्याळात पाच सेकंदं उरली होती. ओल्सनबाई उठून उभ्या राहिल्या. "नोंदीसाठी मला विचारावं लागेल. फॉर्म कुणी भरला?"

मी ठरवून आले होते. सकाळी दात घासताना ठरवलं होतं, बस चालवताना ठरवलं होतं, नाव घ्यायचं. हे मागच्या रांगेत बसलेत हे मला माहीत होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत, कोट घालून. मी बोलू नका म्हटलं होतं, येऊ नका म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

"मी भरला," मागून आवाज आला.

सतीश चालत पुढे आले. माझ्या शेजारी उभे राहिले, माझ्याकडे न बघता. यांना स्टँड-इन नव्हता. तो फक्त मतदारांना मिळतो. त्यामुळे ज्याला मत नाही अशा या एका माणसाची तीन मिनिटं शाबूत होती आणि ज्यांना मत आहे त्यांची गेली होती. या व्यवस्थेबद्दल आणखी काय सांगू?

"माझं नाव सतीश खराडे," ते म्हणाले. "बायकोचा फॉर्म मी भरला. तिला दाखवला नाही. ती स्वयंपाक करत असताना मी तिचा आवाज घेतला. शेवटच्या चौकोनात खूण मी केली."

"मिस्टर खराडे," डॉइल म्हणाले, "तुम्ही काय कबूल करताय, ते लक्षात येतंय ना? ही नोंद सार्वजनिक असते."

"येतंय. दुसऱ्यांचे असे चौकोन पकडायचा पगार मिळतो मला."

टाळ्या वाजल्या. मिस हेन्सनी काठी आपटली. सगळ्यांना वाटलं असेल की माझे डोळे भरून आले असतील. मला राग आला होता. ते नाव मी घेणार होते. माझं पहिलं स्वतःचं वाक्य माझ्या ओठांवर होतं आणि तेही यांनीच बोलून टाकलं. चांगल्या मनाने केलं हे मला दिसत होतं. फॉर्मसुद्धा चांगल्याच मनाने भरला होता.

माझी तीन मिनिटं मला परत मिळाली. मी कागद उघडला नाही. डायलिसिसनंतर माणसाचे पाय कसे होतात ते सांगितलं. फुटपाथ आणि बसची पायरी यांच्यातलं अंतर हाताने दाखवलं. "गाडी दारापर्यंत येईल असं तुम्ही म्हणता. दारापासून गाडीपर्यंत त्यांना कोण आणणार, ते सांगा. मी उत्तर ऐकायला उभी आहे," म्हटलं आणि उरलेला वेळ खरंच उभी राहिले. सत्तर-एक सेकंद. सातपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

मग मतदान झालं. चार विरुद्ध तीन. बस बंद.

जाताना डॉइलनी माझ्याशी हात मिळवला. "तुमचं म्हणणं मनापासून ऐकलं," म्हणाले. ऐकलं आणि तरी हात वर केला, हे माझ्या डोक्यात आठवडाभर घण घालत राहिलं.

वीस तारखेला यांना इमिग्रेशनचं पत्र आलं. मुलाखत पुढे ढकलली आहे, कारण तपासाधीन, नवी तारीख कळवली जाईल. यांनी ते दोनदा वाचलं आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. "वाच," म्हणाले. संसारात पहिल्यांदा यांनी सरकारी कागद पुढे करून सही कर न म्हणता वाच म्हटलं. मी वाचलं, शेवटपर्यंत. यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही आणि मीही यांना शाबासकी दिली नाही. एवढ्यावर आमचा संसार तेव्हा चालला होता.

पाचवं स्वातंत्र्य मिस हेन्सनी सोडलं नव्हतं. शहराची मूळ सनद १९१४ सालची. तिच्यात एक कलम आहे : कौन्सिलने केलेला कायदा शहराला नको असेल तर तीस दिवसांत एकवीसशे मतदारांच्या सह्या गोळा करायच्या. तेवढ्या झाल्या की कायदा स्थगित होतो आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत सगळं शहर त्यावर मत देतं. सही स्वतःच्या हाताने, शाईने, सह्या गोळा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. स्टँड-इन आणताना हे कलम बदलायचं कौन्सिलच्या ध्यानात आलं नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी तेवढी एक वाट ठेवली होती.

आम्ही चाळीस जण फिरलो. वेल्डर, दोन नर्सेस, मिस हेन्स काठी टेकत. मी शिफ्टनंतर रोज चार तास. यांना सही करता येत नव्हती, मतदार नाहीत म्हणून. ते गाडी चालवायचे आणि खाली थांबायचे. कुठल्याही दारात माझ्यासोबत आले नाहीत. मीच तसं सांगितलं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही दोन हजार एकशे त्रेसष्ट सह्या ओल्सनबाईंच्या टेबलावर ठेवल्या. नऊ नंबर नोव्हेंबरपर्यंत तरी चालू आहे. यांची नवी तारीख अजून आलेली नाही.

त्या सह्यांतली एक तेवढी सांगते. शेवटचा रविवार होता. हिकरी लेनवर आपल्या मराठी मंडळातली बरीच घरं आहेत. तिथे हेमंत उपळेकर राहतात, गणपतीत दर वर्षी सूत्रसंचालन करतात. त्यांनी दार उघडलं.

"या या वहिनी. ऐकलं सगळं. सतीशरावांनी उगीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. असो. द्या इकडे, दोघांच्याही सह्या करून टाकतो."

"तुमची करा. शुभदावहिनींना बोलवा."

"ती पोळ्या करतेय हो. तिची मीच करतो नेहमी. अगदी सेम टू सेम येते मला."

"बोलवा त्यांना. मी थांबते."

"अहो, तिला काय कळतंय त्यातलं? बस, कायदा... ती तर कधी त्या बाजूला जातही नाही."

गेली दोन वर्षं मंगळवारी आणि गुरुवारी शुभदावहिनी नऊ नंबरनेच नदीपलीकडे जातात. ग्रंथालयाच्या मागे मुलांना गणित शिकवायला. पुढच्या दारापाशी बसतात. कधी सुट्टं नसलं तर मला चाफ्याचं फूल देतात, कुंडीतलं. हे उपळेकरांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नव्हतं.

"थांबते म्हटलं ना," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. शेजारच्या अंगणात गवत कापणाऱ्याने यंत्र बंद करून आमच्याकडे पाहिलं.

उपळेकर आत गेले. आत काहीतरी बोलणं झालं. शुभदावहिनी बाहेर आल्या, मनगटापर्यंत पीठ. त्यांनी पदराला हात पुसले आणि माझ्या हातातलं पेन घेतलं.

"कुठे करू?"

"आधी वाचा," मी म्हटलं. "दोन पानं आहेत. नाही पटलं तर करू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद घेतला आणि दाराच्या पायरीवर बसल्या. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. उपळेकर दारात उभे राहून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. आतून करपल्याचा वास यायला लागला.

"अगं, पोळी जळतेय," ते म्हणाले.

शुभदावहिनींनी पान उलटलं. मान वर केली नाही. "मग गॅस बंद करा तुम्ही जाऊन," म्हणाल्या, "माझं एक पान राहिलंय."